ग्रे सिलिकॉन, आठ महिन्यांनंतर: मारुती 800 चं ऑइल कुठून गळत होतं

इंजिनखालच्या चेंबरचा (ऑइल साठवणाऱ्या पत्र्याच्या भांड्याचा) सांधा बंद करायला वापरलेल्या ग्रे आरटीव्ही सिलिकॉनच्या (हवेत घट्ट होणाऱ्या रबरी सीलंटच्या) या ट्यूबला तिसऱ्या महिन्यात दोनच स्टार दिले होते. 796 सीसीचं इंजिन नुकतंच बांधलेलं, रिंगा, बेअरिंग, सील सगळं नवं, आणि तरी क्लच हाउसिंगखाली थेंब. आता चार स्टार देतोय, कारण दोष सिलिकॉनचा नव्हताच.

तिथे ऑइल दिसलं की गॅरेजात पहिला शब्द निघतो ‘मागचं क्रँक सील’, म्हणजे क्रँकशाफ्टच्या गिअरबॉक्सकडच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी रिंग. मग गिअरबॉक्स उतरतो, उतरलाच आहे तर क्लच प्लेटही बदलली जाते आणि बिल फुगतं. त्याआधी हाउसिंगची खालची पत्र्याची प्लेट काढून टॉर्च मारा. सील गेलं असेल तर फ्लायव्हील ऑइल उडवतं आणि हाउसिंगच्या आत गोल ओला पट्टा दिसतो. आत कोरडं आणि फक्त चेंबरची मागची कड ओली असेल, तर सीलला हात लावू नका. गंधकासारखा उग्र वास आला तर ते गिअर ऑइल. वर डिस्ट्रिब्युटर केसची ओ-रिंग आणि टॅपेट कव्हरचं पॅकिंगही बोटाने चाचपा, तिथलं ऑइल ओघळत येऊन इथेच टपकतं.

खात्री करायची तर सगळं धुऊन कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर फुंका आणि इंजिन पंधरा मिनिटं चालवा. गळतीच्या जागी पावडरीवर गडद रेघ उमटते. इथे ती गिअरबॉक्सकडच्या कोपऱ्यात उमटली.

हाच कोपरा महत्त्वाचा. ब्लॉक, सीलचं हाउसिंग आणि चेंबर तिथे एकत्र येतात. ब्लॉक आणि सीलच्या हाउसिंगच्या मध्ये कागदी पॅकिंग असतं. बोल्ट आवळले की त्याची कड खाली किंचित बाहेर डोकावते. ती धारदार ब्लेडने ब्लॉकच्या तळाशी सपाट कापायलाच हवी. नाही कापली तर चेंबर त्या कडेवर टेकतो, शेजारी फट राहते आणि कागद वातीसारखा ऑइल ओढतो. ऑइल पंपाकडेही तेच. असे चार कोपरे. चारही कापायचे आणि चारही ठिकाणी वाटाण्याएवढं सिलिकॉन जास्त लावायचं. बाकी सगळीकडे 3 मिमीची अखंड धार, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. त्याहून जाड नको. आत लोंबलेलं सिलिकॉन सुटून स्ट्रेनरच्या (चेंबरमधून ऑइल ओढणाऱ्या गाळणीच्या) जाळीत अडकतं आणि नव्या बेअरिंगांचं ऑइल अडतं.

सिलिकॉन लावण्याआधी ब्लॉक रात्रभर निथळू द्या. धारेवर एक थेंब पडला तरी तेवढी जागा चिकटत नाही. शेवटचं पुसणं ॲसिटोनने करा, पेट्रोलचा थर मागे राहतो. जुन्या चेंबरच्या भोकांभोवती पत्रा वर आलेला असतो, तो सपाट लोखंडावर ठेवून हातोडीने बसवा. बोल्ट एम 6 चे आहेत, त्यांना 10 न्यूटन मीटर पुरे. मधून सुरुवात करून बाहेर जा. जोर लावला की पत्रा पुन्हा उचलतो. ऑइल 24 तासांनीच भरा.

एवढं करूनही थेंब आला तर पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला वायू बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) काढून हलवा, खुळखुळला पाहिजे. नव्या रिंगा बसेपर्यंत ब्लो-बाय, म्हणजे रिंगांच्या बाजूने खाली निसटणारा वायू, जास्त असतो. व्हॉल्व्ह जाम असला की तो दाब ऑइलला मिळेल त्या सांध्यातून बाहेर ढकलतो.

आठव्या महिन्यात पुन्हा पावडर मारली, चारही कोपरे पांढरेच राहिले. पाचवा स्टार मात्र ट्यूबच्या तोंडासाठी अडवलाय. 85 ग्रॅमची ट्यूब एका चेंबरला पूर्ण लागत नाही, आणि उरलेलं नोझलमध्येच कडक होतं. नोझलमध्ये जाड स्क्रू घट्ट पिळून ठेवा. पुढच्या वेळी स्क्रू ओढला की कडक झालेला बोळा त्याच्यासोबत निघतो आणि मागचं सिलिकॉन वापरता येतं.