होमोब्रासिनोलाईड ०.०४ टक्के, पऱ्हाटीवर (कपाशीवर) मारून पाह्यलं

गावात लय जण विचारून राह्यले म्हणून लिहितो. हे खत नाही, कीटकनाशक बी नाही, हे वाढीचं संप्रेरक हाय, झाड सोताच्या अंगात जे बनवते तेच्याच जातीचं.

ऑगस्टात पावसाचा खंड पडला आन पऱ्हाटीच्या पात्या, म्हणजे फुलाच्या कळ्या, गळून राहिल्या होत्या. पाऊस येऊन ओल झाल्यावर फवारलं, मधातले काही तास (ओळी) न फवारता कोरे ठेवले म्हणजे खरं काय ते समजते. काळ्या भारी वावरात फवारलेल्या तासाले तजेला लवकर आला, नव्या पात्या बऱ्यापैकी टिकल्या. बरडावर, म्हणजे हलक्या जमिनीवर, मात्र दोन्ही तास सारखेच. मले कारण सरळ वाटते, हे औषध झाडाले फक्त वाढीचा निरोप देते, मुळाले पाणीच नसन तर नुसत्या निरोपानं झाड काय करीन?

०.०४ टक्के वाचून लोक म्हणतात पाणी विकून राह्यले. तसं नाही हो. झाड हे स्टेरॉलपासून, म्हणजे चरबीच्याच कुळातल्या पदार्थापासून बनवते आन लय थोडं लागते, पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर ते ओळखणारं प्रथिन बसलं असते, तिथं चिकटलं का आत वाढीचे जीन चालू. १९७९ मध्ये अमेरिकेत तेच्या कुळातलं ब्रासिनोलाईड पहिल्यांदा शुद्ध काढलं ते मधमाश्यांनी जमवलेल्या रेपच्या (मोहरीच्या कुळातलं पीक) परागातून, सुमारे २२७ किलो परागातून फक्त ४ मिलिग्रॅम! आपल्या १०० मिलीच्या बाटलीत हिशोबानं ४० मिलिग्रॅम भरते. हे परवडते कारण होमोब्रासिनोलाईड आता स्टिग्मास्टेरॉलपासून बनवता येते आन तो सोयाबीनच्या तेलात बी असते, मले तर याचा लय आनंद वाटला.

बोंडअळीवर याचा उपयोग नाही. अळीनं पान खाल्लं का झाड लिनोलेनिक आम्लापासून जास्मोनिक आम्ल बनवते, तो बचावाचा निरोप, तो वेगळा. गुलाबी अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावाच.

दुकानात पहिले दुसरीच चकचकीत बाटली हातात देली, टॉनिक म्हणून, घटकाचं नाव कुठंच नाही. वापस केली. घटक, टक्केवारी, नोंदणी नंबर, बॅच आन मुदत नसन तर घेऊच नका बाप्पा, आन पक्कं बिल मागा, कच्च्या चिठ्ठीवर उद्या कोणी उभं करत नाही.

मात्रा लेबलवर हाय तेवढीच, जास्त टाकून जास्त बोंडं लागत नाहीत. एक मात्र कळकळीनं सांगतो, बहुतेक जण हे कीटकनाशकासोबत एकाच पंपात मिसळतात, तवा तोंडाले मास्क आन हातमोजे पाहिजेतच, २०१७ ले यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरचे माणसं गेले ते आपण पाह्यलं हाय.

भारी जमीन आन ओल असन तर माह्याकडून ५ पैकी ४, बरडासाठी १. तुरीवर अजून मारलं नाही, फुलावर आली का तिथं बी काही तास कोरे ठेवून पाहतो.