केनियात वितरक नेमावा की स्वतःची कंपनी काढावी?

कोल्हापूरचे एक पंप-उत्पादक सध्या या पेचात आहेत. नैरोबीचा वितरक माल घ्यायला तयार आहे; मुलगा म्हणतो, आपलीच कंपनी काढू.

खर्चात वितरक सरळ जिंकतो. कंटेनर मोंबासाला उतरला की आयात शुल्क, 16 टक्के व्हॅट, गोदाम सगळं त्याच्या माथी. स्वतःची कंपनी म्हणजे भाडं, पगार, तिथला 30 टक्के कंपनी कर आणि इकडे परदेशी गुंतवणुकीचा वार्षिक अहवाल, 31 डिसेंबरच्या आत. सीएची फी वेगळी! माल निघण्यापूर्वीची मानक तपासणी मात्र दोन्हीकडे चुकत नाही.

खरी मेख वसुलीत आहे. वितरक उधारी मागणारच. तेव्हा एलसी, म्हणजे पैसे मिळण्याचं बँकेचं हमीपत्र, घ्या किंवा ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा उतरवा. बिल डॉलरमध्ये असेल तर तिथलं चलन शिलिंग घसरल्याचा पहिला फटका त्याला बसतो. स्वतःच्या कंपनीत शेतकरी एम-पेसा या मोबाइलवरच्या पैसे-सेवेतून थेट पैसे देईल, पण घसरण तुमच्या खिशातून.

विक्रीनंतरचं काय? वितरकाला पंप विकण्यात रस, सील, इंपेलर असे सुटे भाग साठवण्यात नाही. ऐन हंगामात पंप बंद पडला की नाव तुमचं जातं. सुट्या भागांची यादी करारातच घाला, आणि युगांडा-टांझानियासकट मक्तेदारी पहिल्याच सहीत देऊन टाकू नका.

वर्षाला दोन-चार कंटेनर जाणार असतील, घरचं कुणी तिथे राहणार नसेल, तर वितरकच बरा. मागणी नियमित झाली, दुरुस्तीवरच पुढची विक्री ठरू लागली आणि दोन वर्षं तोटा सोसायची ऐपत असेल, तर मुलाचं ऐका.