पोटात जात नाही, फक्त वरून लावायचे

पाळी जाऊन दीड वर्ष झालेल्या, रात्री दोन-तीन वेळा घामाने भिजून उठणाऱ्या आणि तरीही सकाळी सातला वर्गावर उभे राहावे लागणाऱ्या बाईला कोणी "यात औषध असे काही नाही, पोटात काहीच जात नाही, फक्त वरून लावायचे आहे" असे सांगितले, तर ती किती सहज विश्वास ठेवते, हे मी स्वतःवरून सांगू शकते. मी नाशिकला राहते आणि माध्यमिक शाळेत गणित शिकवते. ऑगस्ट २०२३ ते डिसेंबर २०२३ या काळात मी एका क्रीमसाठी आणि त्यासोबतच्या तथाकथित चाचणीसाठी एकूण २३,७०० रुपये दिले. त्या पैशांचे दुःख आता फारसे उरलेले नाही. त्या डबीमुळे माझ्या गर्भाशयाच्या अस्तराचे जे झाले आणि माझ्या चार वर्षांच्या नातीच्या शरीरावर जो परिणाम दिसला, त्यासाठी मी हे लिहीत आहे.

आमच्या भिशीतल्या एका मैत्रिणीने ही क्रीम विकणाऱ्या एका मॅडमना बोलावले होते. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब, अशा वेशात त्या आल्या, म्हणून आम्ही बाराजणी त्यांना डॉक्टरच समजलो. त्यांनी स्वतः तसे एकदाही म्हटले नव्हते, हे मला नंतर आठवले. त्यांनी गरम वाफा, चिडचिड, सांधेदुखी, झोप न लागणे हे सगळे इतके नेमके सांगितले की आमच्यापैकी दोघींच्या डोळ्यांत पाणी आले, कारण तोपर्यंत घरात आमचे हे कोणी पाच मिनिटे ऐकून घेतले नव्हते. मग त्यांनी हार्मोनच्या गोळ्यांची भीती घातली. अमेरिकेत २००२ मध्ये हजारो स्त्रियांवर चाललेला हार्मोनचा मोठा अभ्यास मध्येच थांबवावा लागला, गोळ्यांमुळे स्तनांचा कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या वाढल्या, असे त्या म्हणाल्या. ती माहिती खोटी नव्हती आणि त्यामुळेच पुढचे सगळे खरे वाटले. आपली क्रीम मात्र कंदापासून बनवलेली आहे, नैसर्गिक आहे, बायोआयडेंटिकल म्हणजे शरीरातल्या हार्मोनसारखीच आहे आणि त्वचेवर लावायची असल्यामुळे तिचे दुष्परिणाम होऊच शकत नाहीत, असे त्यांनी सांगितले.

त्यानंतर लाळेची चाचणी झाली. ४,५०० रुपये घेऊन एका नळीत थुंकी घेतली आणि आठ दिवसांनी प्रत्येकीच्या मोबाइलवर रंगीत आलेख आला. बाराच्या बारा जणींचे हार्मोन 'असंतुलित' निघाले. वर्गातल्या सगळ्या मुलांना एकसारखे गुण मिळाले असते तर मी पेपर पुन्हा तपासायला घेतले असते; इथे मात्र मला शंका आली नाही, कारण त्या आलेखात मला माझ्या त्रासाचा पुरावा दिसत होता. पुढे माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी सांगितले की पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी वर्षभर आलेली नसेल आणि लक्षणे स्पष्ट असतील, तर रजोनिवृत्ती ठरवण्यासाठी सहसा कोणत्याही चाचणीची गरज नसते, आणि लाळेतल्या हार्मोनच्या आकड्यांवरून औषधाची मात्रा ठरवणे जाणकार डॉक्टर ग्राह्य धरत नाहीत.

चाचणीसोबत चाळीस प्रश्नांचा एक अर्जही भरून घेतला होता. राग येतो का, केस गळतात का, नवऱ्याशी पटते का, असे सगळे त्यात होते. गर्भाशयाची पिशवी आहे की काढलेली आहे, हा प्रश्न मात्र नव्हता. आमच्यातल्या तिघींची पिशवी काढलेली आहे, नऊजणींची आहे, आणि बाराही जणींना एकच डबी मिळाली. घरात कोणाला स्तनांचा कर्करोग झाला आहे का, पायात कधी गुठळी झाली होती का, यकृताचा काही आजार आहे का, यातलेही काहीच विचारले गेले नाही. एका मैत्रिणीच्या सख्ख्या बहिणीचे स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झालेले आहे. तिनेही डबी घेतली.

तीन डब्यांचे पॅकेज ९,६०० रुपयांना होते. पैसे एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर यूपीआयने पाठवायला सांगितले आणि बिल नंतर मिळेल असे सांगितले गेले. ते कधीच मिळाले नाही. डबी पांढरी होती, झाकणावर हिरवे पान होते आणि खाली इंग्रजीत 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढेच छापलेले होते. बनवणाऱ्याचा पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत, कोणता घटक किती प्रमाणात आहे, यांपैकी एकही गोष्ट तिच्यावर नव्हती. दुकानातून बिस्किटाचा पुडा घेतानाही मी मुदत वाचते. रोज रात्री वाटाण्याएवढी क्रीम बोटावर घेऊन हाताच्या आतल्या बाजूला आणि पोटावर चोळायची, एवढीच सूचना होती.

गुण आला, हे मला प्रामाणिकपणे लिहिलेच पाहिजे, कारण फसवणूक त्यामुळेच लांबली. तिसऱ्या आठवड्यात गरम वाफा कमी झाल्या आणि महिन्याभरात मी सलग सहा तास झोपू लागले. मी दुसरे पॅकेज घेतले. मी ज्याला त्या कंदाचा गुण समजत होते, तो कंदाचा असणे शक्यच नव्हते, हे मला फार उशिरा कळले. काही रानटी कंदांमध्ये डायोस्जेनिन नावाचा घटक असतो आणि त्यापासून प्रयोगशाळेत हार्मोन बनवता येतात, हे खरे आहे; रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतल्या कंदांपासून प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-हार्मोन तयार केले होते. परंतु ते रूपांतर रासायनिक प्रक्रियांनी होते. माणसाच्या शरीराला ते करता येत नाही. आपण पिढ्यान्‌पिढ्या कोनफळ आणि करांदे खात आलो आहोत, ते खाऊन किंवा अंगाला चोळून कोणाच्या गरम वाफा थांबलेल्या नाहीत. क्रीमने माझ्या वाफा थांबल्या, याचा सरळ अर्थ तिच्यात कंदाखेरीज आणखी काही होते.

नोव्हेंबरमध्ये, दिवाळीनंतरच्या आठवड्यात, सूनबाईला नातीला आंघोळ घालताना तिच्या छातीवर दोन्ही बाजूंना सुपारीएवढी मऊ सूज जाणवली. नात माझ्याजवळ झोपते. मी रात्री क्रीम लावून आडवी होत असे आणि ती माझ्या हातावर डोके ठेवून, पोटाला बिलगून गोष्ट ऐकत झोपत असे. बालरोगतज्ज्ञांनी तिला तपासले, हाडांचे वय, म्हणजे हाडे वयापेक्षा लवकर वाढत आहेत का, हे पाहण्यासाठी हाताचा एक्स-रे काढला आणि रक्त तपासायला सांगितले. त्यांनी एक प्रश्न विचारला, "घरात कोणी हार्मोनचे जेल किंवा मलम लावते का?" सूनबाईने माझ्याकडे पाहिले आणि मी "नाही" म्हणाले. मी खोटे बोलले नव्हते. माझ्या समजुतीप्रमाणे मी औषध लावतच नव्हते.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला रक्तस्राव सुरू झाला. पाळी जाऊन जवळपास दोन वर्षे होत आली होती. मी आठ दिवस थांबले, हीदेखील माझी चूक झाली, कारण रजोनिवृत्तीनंतर रक्ताचा एक डाग दिसला तरी लगेच तपासणी करून घ्यायची असते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ११ मिलिमीटर निघाली. रक्तस्राव होत असताना ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असली तर अस्तराचा तुकडा काढून तपासावा लागतो. बायोप्सीत अस्तराची अवाजवी वाढ दिसली, पेशींमध्ये विकृती मात्र नव्हती. तो अहवाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी कसे काढले ते इथे लिहीत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमनी काय काय घेता असे विचारले तेव्हाही मी क्रीमचे नाव घेतले नव्हते. त्यांनी "गोळी, इंजेक्शन, पट्टी, तेल, मलम, काहीही" असे एकेक करून विचारले, तेव्हा मी पर्समधली डबी काढली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि माझ्या रक्तातले एस्ट्रॅडिऑल, म्हणजे एस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा मुख्य प्रकार, तपासायला सांगितले. ज्या हातावर क्रीम लावली जाते त्याच हाताचे रक्त घेतले तर त्वचेवरच्या क्रीममुळे आकडा खोटा वाढू शकतो, म्हणून मी डाव्या हाताला लावते असे कळल्यावर त्यांनी रक्त उजव्या हाताचे घ्यायला लावले. पाळी गेलेल्या बाईत हा आकडा सहसा मिलिलिटरला ३० पिकोग्रॅमच्या खाली असतो. माझा १६८ आला. क्रीम थांबवल्यावर चार आठवड्यांनी तो १४ वर आला.

त्या दिवशी त्यांनी मला जे समजावले, ते आमच्या भिशीत कोणीतरी आधी सांगायला हवे होते. त्वचेवर लावायचे हार्मोन हे त्वचेसाठी नसतेच. त्वचेतून रक्तात जाणे हेच त्याचे काम आहे. २००२ मध्ये थांबवलेल्या त्या अभ्यासात १६,६०८ स्त्रिया होत्या, त्यांचे सरासरी वय ६३ होते आणि त्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या घेत होत्या. जेल किंवा अंगाला चिकटवायच्या पट्टीतले एस्ट्रॅडिऑल आधी यकृतातून जात नाही, त्यामुळे गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा कमी राहतो, एवढे त्या विक्रेत्या बाईंचे म्हणणे खरे होते. पण गर्भाशयाच्या अस्तराला एस्ट्रोजेन तोंडातून आले की हातावरून आले याने काहीच फरक पडत नाही; ते वाढतच राहते. म्हणून ज्या बाईची पिशवी शाबूत आहे तिला एस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखे औषध पुरेशा मात्रेत द्यावेच लागते, आणि जिची पिशवी काढलेली आहे तिला सहसा त्याची गरज नसते. नुसत्या एस्ट्रोजेनचा गर्भाशयाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९७५ मध्येच प्रसिद्ध झालेला आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका तीन वर्षांच्या अभ्यासात नुसते एस्ट्रोजेन घेणाऱ्या, पिशवी असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ३४ टक्के जणींच्या अस्तरात गंभीर प्रकारची वाढ दिसली, तर औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण १ टक्का होते. आमच्या नऊजणींवर हे प्रमाण लावले तर किती जणी होतात, ते मी तिथेच बसून मनात मोजले. डबीत प्रोजेस्टेरॉनही आहे असे आम्हाला तोंडी सांगितले होते, त्यावर मॅडम म्हणाल्या की त्वचेवर चोळलेल्या प्रोजेस्टेरॉनच्या क्रीमने अस्तराचे संरक्षण होते असे सिद्ध झालेले नाही.

नातीचा विषय मी त्यांच्यासमोर काढला आणि मला बोलता येईना. त्यांनीच बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. अंगावर लावलेले हार्मोन त्वचेच्या स्पर्शाने लहान मुलांच्या शरीरात जाऊ शकते. अमेरिकेच्या औषध नियामकांनी २०१० मध्ये एस्ट्रॅडिऑलच्या स्प्रेबाबत नेमका हाच इशारा दिला होता, कारण तो वापरणाऱ्या स्त्रियांच्या घरातल्या लहान मुलींची छाती वेळेआधी वाढल्याच्या आणि मुलांच्याही छातीला सूज आल्याच्या तक्रारी आल्या होत्या. क्रीम बंद झाली, माझ्या चादरी आणि गाऊन गरम पाण्यातून काढले, आणि नातीची सूज पुढच्या चार महिन्यांत उतरली. तिच्या हाडांचे वय बरोबर निघाले आहे. दर सहा महिन्यांनी तिला दाखवायला नेतो.

मला सहा महिने प्रोजेस्टेरॉनच्या वर्गातल्या गोळ्या घ्याव्या लागल्या. जून २०२४ मधली बायोप्सी स्वच्छ आली. त्यानंतर वाफा पुन्हा सुरू झाल्या, तेव्हा मॅडमनी स्तनांची मॅमोग्राफी, रक्तदाब आणि घरातला आजारांचा इतिहास सगळे पाहून मला एस्ट्रॅडिऑलचे जेल लिहून दिले आणि सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल दिली. म्हणजे जे मला चोरून, मोजमापाशिवाय दिले गेले होते, तेच बहुधा मी आता उघडपणे आणि मापात घेते आहे. फरक मला रोज दिसतो. या जेलवर ०.०६ टक्के असे छापलेले आहे, १.२५ ग्रॅमच्या एका मापात ०.७५ मिलिग्रॅम एस्ट्रॅडिऑल असते, बॅच क्रमांक आणि मुदत आहे, दुकानदाराने चिठ्ठी पाहून बिलासह दिले आहे. मी ते सकाळी, नात शाळेत गेल्यावर, आंघोळीनंतर कोरड्या दंडावर पातळ पसरून लावते. छातीवर, चेहऱ्यावर किंवा खरचटलेल्या जागी कधीच लावत नाही. पाच मिनिटे वाळू देते, तोपर्यंत देवापुढचा दिवा लावत नाही, कारण त्यात अल्कोहोल असते. मग साबणाने हात धुते, लांब बाह्यांचा ब्लाउज घालते आणि तासभर तो भाग धुत नाही. त्यावर लोशन चोळत नाही. एखाद्या दिवशी विसरले तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लावत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार केली आणि न उघडलेली एक डबी, यूपीआयच्या पावत्या आणि आमच्यातले सर्व संदेश छापून दिले. त्यांचा १८००-२२२-३६५ हा निःशुल्क क्रमांक आहे. ग्राहकांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५ आहे, तिथेही नोंद केली. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याप्रमाणे खरेदी करणाऱ्याला शुल्क भरून नमुना सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि स्त्रियांच्या विकारांवर अशा जादुई उपायांची जाहिरात करणे १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, या दोन्ही गोष्टी मला त्या कार्यालयात गेल्यावर कळल्या. डबी टाकून देऊ नका, रिकामी असली तरी ठेवा. माझ्याकडे ती राहिली म्हणून तक्रारीला आधार मिळाला. भिशीतल्या सातजणींनी आपापल्या डब्या भीतीने कचऱ्यात टाकल्या होत्या.

बाकीच्या अकराजणींकडे मी स्वतः गेले. पिशवी असलेल्या आठजणींपैकी सहाजणींनी सोनोग्राफी करून घेतली, त्यांतल्या दोघींचे अस्तर जाड निघाले आणि त्यांच्यावर उपचार सुरू झाले. ज्या मैत्रिणीच्या बहिणीला स्तनांचा कर्करोग झाला होता, तिने मॅमोग्राफी करून घेतली, ती व्यवस्थित आहे. दोघी अजूनही मानत नाहीत. त्यांना त्या क्रीमने झोप लागत होती, आणि त्या झोपेची किंमत मला माहीत असल्यामुळे मी त्यांच्याशी भांडू शकले नाही, फक्त पुन्हा पुन्हा जाते.

क्रीम विकणाऱ्या त्या मॅडमचा मोबाइल क्रमांक डिसेंबर २०२३ पासूनच बंद आहे. गेल्या महिन्यात माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईने नव्या वसाहतीतल्या आरोग्य शिबिराचा फोटो मला दाखवला. क्रीमचे नाव दुसरे होते, चाचणी आता लाळेऐवजी केसांची होती, डबी तीच पांढरी, झाकणावर तेच हिरवे पान. त्या आईच्या पर्समध्ये तीन डब्या होत्या आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता. आम्ही दोघी त्याच दुपारी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात गेलो.