बराकींच्या उत्खननाला थापी कोणती घ्यावी? चार इंची घडीव थापीचं परीक्षण

जुन्या बराकी पडल्या की चांगल्या विटा दुसऱ्या बांधकामाला जातात. मागे उरतो तो पायाचा चर, चुन्याच्या कपच्या आणि विटांचा चुरा मिसळलेल्या मातीने भरलेला. या चराची कड स्वच्छ दिसली तरच बराकीचा नकाशा कागदावर उतरतो, आणि ती कड दाखवायचं काम थापीचं.

नागपूरजवळच्या कामठीची लष्करी छावणी १८२१ ची. त्या काळातल्या बांधकामासाठी चार इंची, एकसंध घडीव थापीला तोड नाही. ब्रिटिश उत्खननांत डब्ल्यूएचएस या छापाची चार इंची चालते, अमेरिकेत मार्शलटाउन कंपनीची पाच इंची. दोन्हींत पातं आणि त्याला मुठीशी जोडणारी मान एकाच लोखंडातून घडवलेली असते. बाहेरून मागवायच्या तर महाग पडतात, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याच्या पर्यवेक्षकाला एक पुरे. बाकीच्यांसाठी नागपूरच्या इतवारी बाजारात लोहाओळीत शोधावं. तिथे 'पॉइंटिंगची थापी' मागायची. नुसती थापी म्हटलं तर प्लास्टरची आठ-दहा इंची हातात येते.

घेताना मान बघा. वेल्डिंगचा टाका किंवा रिव्हेट दिसला तर ठेवून द्या. विटेखाली घालून उचकलं की ती थापी तिथेच तुटते. मग टोक लाकडावर दाबून पाहा. पातं स्प्रिंगसारखं वाकलं तर त्याने खड्ड्याची भिंत कधीच सरळ तासली जाणार नाही, लाटा उमटतील. दोन्ही कडांना कानशीने धार लावून घ्यावी, टोक मात्र फार अणकुचीदार करू नये.

थापी काम देते की नाही, हे निम्मं मातीच्या ओलीवर ठरतं. ऑक्टोबरात काळी माती पात्याला चिकटते, फेब्रुवारीच्या शेवटी तीच दगड होते आणि थापी नुसती टणकते. उपाय साधा: संध्याकाळी फवारणीच्या पंपाने बारीक पाणी मारायचं, वर गोणपाट आणि प्लास्टिक टाकायचं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत खरवडायचं. पात्याची कड वापरून, आपल्याकडे ओढत, एका वेळी अर्धा सेंटिमीटर. खांबाच्या खड्ड्यातली माती भुसभुशीत असते आणि आजूबाजूपेक्षा वेगळ्या वेगाने वाळते, म्हणून त्याचं वर्तुळ थोडाच वेळ दिसतं. तेवढ्यात खुणेचे खिळे ठोकून घ्यावेत. मुरूम लागला की थापीचा आवाजच बदलतो, खरखर येते. हा आवाज ओळखायला मजुरांना पहिल्याच दिवशी शिकवावं.

वरचे तीस-चाळीस सेंटिमीटर निव्वळ काळी माती असेल तर मात्र थापी बाजूला ठेवा, खुरपं वापरा. तिथे भेगांवर लक्ष हवं. उन्हाळ्यात काळी माती हात-हात फाटते आणि वरची बटणं, नाणी भेगेतून खालच्या थरात उतरतात. भेगेतली वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवावी, नाहीतर १८३५ नंतरचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणं जुन्या थराच्या माथी मारलं जाईल.

थापीचा सर्वात मोठा धोका शिशाला. बंदुकीच्या गोळीवर पांढरा थर चढतो आणि ती चुनखडीच्या गोट्यासारखी दिसते. ब्राउन बेस या ब्रिटिश मस्केटची गोळी साधारण १७.५ मिलिमीटर व्यासाची आणि ३० ग्रॅमच्या वर असते. तेवढाच चुनखडीचा गोटा जेमतेम ७ ग्रॅम, म्हणजे वजनावरून फरक कळतो. पण शिसं मऊ, थापीची कड लागली की ओतकामाची शिवण आणि बारीक खुणा पुसल्या जातात. त्यामुळे काही पांढरं दिसताच थापी खाली ठेवून बांबूची काडी घ्यायची. गंजून फुगलेल्या खिळ्यांनाही हाच नियम. बंदुकीचा बार पेटवणाऱ्या तांब्याच्या टोप्या पाच-सहा मिलिमीटरच्या, त्या थापीला कळत नाहीत. त्यासाठी माती तीन मिलिमीटरच्या चाळणीवर पाण्याने धुवावी. काळ्या मातीची सुकी ढेकळं चाळणीतून उतरत नाहीत.

लाकडी मूठ नागपूरच्या उन्हात आकसते आणि ढिली होते. हंगामाआधी रात्रभर जवसाच्या तेलात बुडवून ठेवावी. पातं रोज पुसून तेलाचा हात फिरवावा, ओली काळी माती राहिली की एका रात्रीत गंज धरतो.