टाकीला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावावा की फ्लोट?

मोटर आपोआप चालू-बंद व्हावी हे तुमचं ठरलंय, फक्त सेन्सर कोणता घ्यायचा एवढं राहिलंय, असं धरून लिहितो. आमच्याकडे इंदूरचा नेहमीचा थाट आहे. खाली हौद, गच्चीवर टाकी आणि मधे एक हॉर्सपॉवरची मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच अंगात. नर्मदेचं पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणतात, पुष्कळ वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं. नळाला जोर नसल्यामुळे ते आधी हौदात घ्यावं लागतं. त्यामुळे नजर दोन ठिकाणी ठेवायची असते, वरची टाकी भरली का आणि खालचा हौद आटला का. दुकानात चर्चा होते ती फक्त पहिल्याची.

पाण्यात धातूच्या सळया सोडून त्यांतून वीज वाहते का यावर पातळी ओळखायचा प्रकार मी लगेच बाजूला ठेवला. बोरिंगचं पाणी जड, सळयांवर क्षारांचा थर बसतो. त्यात सर्किट साधा डीसी प्रवाह सोडत असेल तर विद्युत विघटनाने सळ्या झिजतात ते वेगळंच. घासत बसायची तयारी असेल तर स्वस्त पडतं.

अल्ट्रासॉनिक मला मनापासून आवडलेली वस्तू आहे. झाकणाखालून 40 किलोहर्ट्झची, कानाला न ऐकू येणारी हाक जाते, पाण्यावरून परत येते, गेलेल्या वेळेवरून अंतर निघतं आणि मोबाइलवर टाकी 62 टक्के दिसते. पाण्याला काही शिवत नाही. पुण्याला लग्नाला गेलं तरी घरची टाकी हातात. उन्हाळ्यात हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे मापात फरक पडतो म्हणतात. पडतोही, पण 20 अंशांना सेकंदाला 343 मीटर आणि 40 अंशांना सुमारे 355, म्हणजे मीटरभरात तीन-चार सेंटिमीटर. घरच्या कामाला त्याने काही अडत नाही. पाण्यात टिकणाऱ्या बऱ्याच सेन्सरना पहिले 20-25 सेंटिमीटर दिसत नाहीत. तेवढी टाकी रिकामी सोडा नाहीतर सेन्सर झाकणावर उंच बसवा. एवढं चालवून घेता येतं.

माझं मन फिरलं ते खाली, हौदात.

बंद हौदात कायम दमट असतं. थंडीत सिमेंटचं झाकण गार आणि पाणी त्या मानाने कोमट, मग झाकणाच्या खालच्या अंगाला थेंबच थेंब. तेच थेंब सेन्सरच्या तोंडावर बसतात. मग कधी प्रतिध्वनी परतच येत नाही, कधी जवळचंच काहीतरी ऐकू येतं आणि हौद काठोकाठ भरल्याचा आकडा दिसतो. तळाला गाळ दिसत असताना मोबाइलवर शंभर टक्के! वरच्या टाकीत असं झालं तर मोटर लवकर बंद पडेल, आंघोळीची पंचाईत होईल, बस. हौदात झालं तर मोटर कोरडी फिरते आणि तिचं सील जळतं. आकडा चुकतो याचा मला राग नाही, तो नेमका महागाच्या बाजूला चुकतो याचा आहे. फडकं घेऊन पुसलं की दोन-चार दिवस बरं. प्रोग्राममध्ये ‘आकड्याने अचानक उडी मारली तर मोटर बंद’ अशी अट घालता येते, चांगल्या कंट्रोलरमध्ये ती असतेही. पण आपण घेतलेल्या डबीत ती आहे की नाही, हे वरून कळत नाही.

फ्लोटमध्ये बघण्यासारखं काही नाही. केबलच्या टोकाला तरंगणारा डबा, आत स्विच. टक्के सांगत नाही. केबल कुठे बांधली त्यावर तो किती पाण्याला पलटी घेतो ते ठरतं. चालू आणि बंद यांत पुरेसं अंतर मिळेल इतकी केबल मोकळी ठेवायची, नाहीतर पाणी हिंदकळलं की रिले, म्हणजे मोटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच, टकटक करत राहतो. अरुंद टाकीत तो पाइपात अडकतो, हेही खरं.

पण जोडणी बघा. हौदाचा फ्लोट पाणी असताना जोडलेला, टाकीचा फ्लोट पाणी कमी असताना जोडलेला, दोन्ही एकाच ओळीत. दोघांनी हो म्हटलं तरच मोटर चालते. उंदराने वायर कुरतडली तर वायर तुटल्याबरोबर मोटर बंद. नुकसान काय, तर टाकी रिकामी, आणि ते घरात पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं. मोटरचा प्रवाह थेट फ्लोटमधून मात्र नेऊ नका. 12 किंवा 24 व्होल्टवर फ्लोट आणि पुढे कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा प्रवाह पेलणारा रिले), म्हणजे पाण्यात 230 व्होल्ट जात नाहीत.

तुमच्याकडे हौद नसेल, बोरिंगमधून थेट वर चढवत असाल, तर माझा आक्षेप बराच सैल होतो आणि मी कदाचित अल्ट्रासॉनिकच सुचवीन. बोरिंगच्या कोरड्या फिरण्यासाठी करंटवर लक्ष ठेवणारा स्टार्टर वेगळा घ्यावा लागेल. हौद असेल आणि घरात मोबाइलवर टक्के बघायची हौसही असेल, तर दोन्ही लावा. अल्ट्रासॉनिक वरच्या टाकीत, फक्त बघायला. मोटरची दोरी फ्लोटच्या हातात. हौदातला फ्लोट बांधताना फूट-व्हॉल्व्हपासून (मोटरच्या पाइपाच्या खालच्या टोकाची झडप) वीतभर वर पलटेल असं बघा, म्हणजे गाळ ओढला जात नाही.