सापळ्यातल्या कॅमेऱ्यासाठी हलकं मॉडेल: चार वाटा, कोणती धरावी?

परभणी-जालन्याकडच्या कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावतात. सलग तीन रात्री एका सापळ्यात दर रात्री ८ पतंग आले, की फवारणीचा निर्णय घ्यायचा. ही मोजणी कॅमेऱ्यावर सोपवायची, तर शेतात रेंजचा भरवसा नाही; फोटोतले पतंग ओळखणारं न्यूरल नेटवर्क, म्हणजेच मॉडेल, सापळ्यावरच, ईएसपी३२ सारख्या छोट्या, स्वस्त चिपच्या बोर्डावर आणि छोट्या सोलर पॅनेलवर चालायला हवं.

क्वांटायझेशन सगळ्यांत स्वस्तातलं. ३२ बिटांचे आकडे ८ बिटांत बसवले की मॉडेल चौपट लहान होतं. ईएसपी३२ च्या आतली रॅम ५२० केबी. वेट्स (मॉडेलने शिकलेले आकडे) फ्लॅशमध्ये, म्हणजे कायमच्या साठ्यात, मावतात, पण मधल्या थरांचे आकडे रॅममध्येच ठेवावे लागतात, म्हणून इथे ८ बिटांना पर्याय नाही. शिवाय गुणाकारापेक्षा मेमरीतून आकडे आणण्यातच वीज जास्त जाते, तीही वाचते. अचूकता बहुधा थोडीच घसरते. कॅलिब्रेशनचे, म्हणजे ८ बिटांची मापं ठरवायला लागणारे, फोटो मात्र नेटवरून उचलू नका; धूळ बसलेल्या भिंगातून आपल्याच सापळ्याचे काढा.

प्रूनिंग, म्हणजे नको ते वेट्स छाटणं, कागदावर भारी दिसतं. संशोधक सॉन्ग हान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये फोटो ओळखणाऱ्या अ‍ॅलेक्सनेटचे ६.१ कोटी वेट्स ६७ लाखांवर आणले, तेही अचूकता न गमावता. पण सुटे सुटे वेट्स शून्य केले, तरी साधा प्रोसेसर त्या शून्यानेही इमानेइतबारे गुणतच राहतो. अख्खे चॅनेल (थरातले वेट्सचे पूर्ण गट) छाटले तरच वेळ वाचतो, आणि एवढा खटाटोप करायचा तर मुळातच लहान नेटवर्क का घेऊ नये?

ते मिळतंही. २०१७ च्या मोबाइलनेटमध्ये ३×३ च्या फिल्टरला नेहमीच्या कन्व्होल्यूशनपेक्षा (फोटोवर फिल्टर सरकवत करायच्या गणितापेक्षा) ८-९ पट कमी गणित लागतं. पूर्ण मॉडेल ४२ लाख वेट्सचं, म्हणजे ८ बिटांतही ४ एमबीच्या पुढे. इथे पाव रुंदीचंच, म्हणजे दर थरात पाव चॅनेलचं, घ्यावं. अडचण फोटोची. ९६×९६ पिक्सेलमध्ये अख्खा सापळा कोंबला तर पतंगाचा ठिपका होतो. फोटोचे तुकडे करून एकेका तुकड्यात पतंग आहे की नाही, एवढंच विचारा.

डिस्टिलेशन, म्हणजे मोठ्या मॉडेलकडून लहान मॉडेलला शिकवणं, हे सगळं काम आधीच, संगणकाच्या जीपीयूवर होतं, सापळ्यावर नाही. हाताने खुणा केलेले फोटो कमी असतील तर उपयोगी, नाहीतर नंतर बघा.

माझं मत: पाव रुंदीचं मोबाइलनेट आणि ८ बिट. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या चिमुकल्या संगणकावर ५१२ एमबी रॅम मिळते, पण लिनक्स सुरू व्हायलाच वेळ आणि वीज खातं.

आणि हिशोब रात्रीचा आहे, तर पहाटे एक फोटो पुरे! बाकी वेळ डीप स्लीप, म्हणजे चिपची गाढ झोप. त्यात चिप मायक्रोअँपियरवर येते, पण कॅमेऱ्याच्या कित्येक तयार बोर्डांवरचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) मिलिअँपियर ओढतच राहतो. मॉडेल आणखी आवळत बसण्याआधी झोपलेल्या बोर्डाला मल्टिमीटर लावा.