आंजर्ल्याचा सडा, पाखाडी आणि पुळण: माउंटन बाइकसाठी कितपत?

पुण्याहून ताम्हिणीमार्गे साधारण २०० किलोमीटरवरचं आंजर्ले (तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी) बहुतेकांना कड्यावरच्या गणपतीमुळे माहीत असतं. माउंटन बाइक गाडीवर लादून तिथवर न्यावी का? न्यावी. फक्त टायरमध्ये पुण्याच्या वेताळ टेकडीवर ठेवतो तेवढी कमी हवा ठेवून नेऊ नये.

मुद्दाम आखलेल्या, पाट्या लावलेल्या ट्रेल इथे नाहीत. आहे ते असं: वर जांभ्याचा (लाल दगडाचा) सडा म्हणजे उघडं कातळपठार, उतारावर पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा आणि पायवाटा, खाली पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. तिन्हींची उंची मिळून शंभर-दीडशे मीटरच्या आतबाहेर, त्यामुळे सिंहगडासारखा लांब चढ शोधणाऱ्यांची निराशा होईल. चढ छोटे आहेत, पण उभे. दिवसभरात चार-पाच वेळा वरखाली केलं की पाय काय ते सांगतात.

खरा माल सड्यावर आहे. पुण्याच्या टेकड्यांवर बेसॉल्टचा मुरूम आणि सुटे गोटे असतात, चाक घसरतं, म्हणून आपण हवा कमी ठेवतो. जांभ्याचं उलट आहे. कोरडा जांभा रबर घट्ट पकडतो, तिरक्या कातळावरही चाक सुटत नाही, त्यामुळे वळणं घ्यायला मजा येते. पण तो सच्छिद्र असतो आणि त्याच्या कडा फुटक्या विटेसारख्या धारदार असतात. कमी हवेचं टायर अशा कडेवर आपटलं की रिमपर्यंत दबतं. ट्यूब असेल तर सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडतात, ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेलं) असेल तर टायरची बाजूची भिंत चिरते. भिंतीतली चीर सीलंटने (टायरमध्ये ओतायच्या, भोकं बुजवणाऱ्या द्रवाने) भरत नाही, हे लक्षात असू द्या.

७० किलोच्या माणसाला २९ इंची, २.२५ ते २.३५ रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये टेकडीवर पुढे २० आणि मागे २३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) चालत असेल, तर सड्यावर पुढे २५ आणि मागे २८ धरा. ट्यूब असेल तर ३२ ते ३५. वजन जास्त असेल तर त्या मानाने वाढवा. सीलंट प्रत्येक चाकात १०० मिलिलिटर, तेही ताजं. पुण्याच्या उन्हाळ्यात सायकल उभी राहून वाळलेलं सीलंट घेऊन जाण्यात अर्थ नाही. प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी), दोन ट्यूब, भिंत आतून झाकायला जुन्या टायरचा तुकडा आणि एक जादा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा) बरोबर हवाच. गवतात लपलेल्या दगडावर डिरेलर आपटून हँगर वाकणं ही इथली नेहमीची मोडतोड, आणि तुमच्या फ्रेमचा हँगर त्या भागात मिळेल अशी आशा धरू नये. गावातला पंक्चरवाला मोटरसायकलचं काम चोख करतो, पण त्याचा पंप सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. छोटा पितळी अडॅप्टर खिशात ठेवा.

सड्यावर सावली नाही आणि पाऊस संपल्यावर पाणीही लवकर आटतं. माणशी तीन लिटर घेऊनच वर चढा. चिऱ्यांची (जांभ्याच्या कापीव ठोकळ्यांची) जुनी खाण वाटेत लागली तर सावध: चिरे काटकोनात कापलेले असतात, त्यामुळे कडा सरळ खाली जाते, कठडा नसतो आणि गवत वाढलं की दहा पावलांवरूनही खड्डा दिसत नाही. सूर्य टेकायच्या आत सड्यावरून उतरलेलं बरं. आणखी एक गोष्ट म्हणजे फुरसं. हा छोटा विषारी साप कोकणातल्या कातळावर सर्रास आढळतो. पंक्चर काढायला बसताना दगड उचलू नका, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) फटीत हात घालू नका. गंभीर काही झालं तर जवळचं उपजिल्हा रुग्णालय दापोलीत आहे. घरगुती उपाय करत वेळ घालवू नये.

पाखाड्यांबद्दल मत संमिश्र आहे. जांभ्याच्या पायऱ्यांवरून सीट खाली घेऊन, वजन मागे टाकून उतरायला १२० मिलिमीटर दबणारा पुढचा फोर्क पुरतो. १०० वाल्यांनी वेग आवरावा. पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, ताल धरता येत नाही. दोन्ही बाजूंनी गडगे असले की ७८० मिलिमीटरच्या हँडलबारवर बोटांची सालं निघतात. आंब्या-काजूच्या वाळक्या पानांचा थर कोरडा असूनही निसरडा असतो, आणि सुपारीची पडलेली झावळी मागच्या चाकात गेली की स्पोक आणि डिरेलर दोन्ही धोक्यात. सावलीतल्या पाखाडीवरचं शेवाळ दिवाळीपर्यंत टिकतं. तोवर तिथे ब्रेकला काही अर्थ नाही. मुख्य म्हणजे पाखाडी हा गावाचा रस्ता आहे. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली तर सायकलवरून उतरायचं आपणच. देवळाच्या पायऱ्या सोडून द्या, तो प्रश्नच नाही.

मोबाइलच्या नकाशावरच्या वाटांच्या रेषा सर्रास खासगी वाड्यांतून जातात. बेडं (आडव्या बांबूंचं फाटक) घातलेलं असेल तर आत जायच्या आधी विचारावं, आणि गेलात तर मागे पुन्हा घालावं, नाहीतर गुरं आगरात (नारळी-पोफळीच्या बागेत) शिरतात. फेब्रुवारीपासून आंब्याच्या बागांत राखण असते. त्या दिवसांत ‘जरा शॉर्टकट मारतो’ हे कोणी ऐकून घेणार नाही, आणि का घ्यावं?

पुळणीवर भरती-ओहोटी पाहूनच जायचं. ओहोटीच्या आधी-नंतरचे दीड-दोन तास ओली वाळू घट्ट असते, तेवढाच वेळ खरा. वेळ काढायचा जुना हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमारास, भर उन्हात; पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास भरती दुपारी, ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी, आणि उधाणामुळे पाणीही जास्त आत ओसरतं. सायकलला हेच दिवस सोयीचे. वाळूसाठी हवा १५ पीएसआयपर्यंत उतरवा, पण सड्यावर परतण्याआधी पुन्हा भरा. खाडीच्या तोंडाशी गाळ असतो, तिथे चाक रुतलं की ढकलतही बाहेर येत नाही.

नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं इथे अंडी घालतात. घरटी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत असतात. म्हणून फक्त ओल्या वाळूवरून चालवा आणि रात्री हेडलाइट लावून पुळणीवर फिरू नका. उजेडाने पिल्लांची दिशा चुकते.

लांब फेरीसाठी आंजर्ले-पाडले-आडे-केळशी हा किनाऱ्यालगतचा रस्ता आहे. डांबरीच, पण चढउतार भरपूर. सकाळी उत्तरेला केळशीकडे निघावं, कारण वारा पडलेला असतो. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटतो आणि परतताना पाठीशी मिळतो. उलट केलंत तर शेवटचे तास वाऱ्याशी भांडण्यात जातील. केळशीच्या वाळूच्या टेकडीवर सायकल चढवण्याचा मोह आवरा.

परतल्यावरचं काम टाळलं तर सहल महागात पडते. खारं पाणी आणि लाल धूळ मिळून चेन, बेअरिंग आणि ब्रेक खातात. त्याच संध्याकाळी दोन बादल्या गोड्या पाण्याने सायकल धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्याने धुणं व्यर्थ, गावातलं पिण्याचं पाणी मागून घ्या. प्रेशरचा फवारा चाकाच्या हबवर आणि पेडलच्या बॉटम ब्रॅकेटवर मारू नका, मीठ आणखी आत जातं. चेन पुसून वाळवून मेणाचं किंवा कोरडं ल्यूब, प्रत्येक रोलरला एक थेंब. ओल्या ल्यूबवर जांभ्याची बारीक धूळ बसून तिची घासणारी लुगदी होते. ब्रेकच्या डिस्कला फक्त आयसोप्रोपिल अल्कोहोल. तेलाचा स्प्रे डिस्कच्या आसपास उडाला तर पॅड बदलावेच लागतात. निघण्याआधी पुण्यातच अ‍ॅल्युमिनियमच्या सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) ग्रीस लावून घ्या, नाहीतर मिठामुळे तो फ्रेममध्ये जाम होतो.

राहायला घरगुती सोय मिळते, जेवण मात्र आधी सांगावं लागतं. पहाटे निघायचं असेल तर घावणे रात्रीच सांगून ठेवा. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. त्या दिवसांत खाजकुइलीच्या शेंगा पिकतात आणि गवताची कुसळं मोज्यात घुसतात, म्हणून पूर्ण पँट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. एप्रिल-मेमध्ये कातळ इतका तापतो की सकाळी नऊनंतर सड्यावर थांबवत नाही. पावसाळ्यात सड्यावर रानफुलं येतात, ती चाकाखाली घालायला जाऊ नये.

पहिल्यांदाच माउंटन बाइक घेतलेल्यांनी आधी पुण्याच्या टेकड्यांवर हात बसवावा. हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली) पुरते, फुल सस्पेन्शनची गरज नाही. पैसे खर्च करायचेच असतील तर जाड भिंतीच्या टायरवर करा.